फुप्फुसातली गळती

(रौप्य महोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात दिलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवलेल्या मजकुरात मी थोडी डागडुजी केली आहे.)



सेक्रेटरींनी मला 'निरोगी जीवनशैली' असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला, कारण त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही रोज सकाळी माझ्यापेक्षा जास्त वाचता. मी भूलतज्ज्ञ. नोकरीतला बराचसा काळ ऑपरेशन थिएटरपेक्षा आयसीयूत गेला. तिथे जो आजार सगळ्यात जास्त वेळा माझ्या झोपेच्या आड आला, त्याच्याबद्दल आज बोलणार आहे. नाव लांबलचक आहे, अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम. आम्ही एआरडीएस म्हणतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात आपल्यापैकी बहुतेकांनी ही अक्षरं कुठल्या ना कुठल्या कागदावर वाचली असतील. आपल्या दोन्ही विंग मिळून चार माणसं आपण तेव्हा गमावली. त्यांच्या घरच्यांनी नंतर जिन्यात, लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न विचारला, "व्हेंटिलेटरमुळे गेले का हो?" त्याचं उत्तर लिफ्टमध्ये देता येत नाही, म्हणून आज देते.

पण सुरुवात कोविडपासून करणार नाही. आपल्या पंपवाल्या मामांपासून करते. मामा मागच्या रांगेत पंख्याखाली बसलेत. त्यांची परवानगी घेतली आहे. "सांगा ना ताई, पण माझं वजन किती उतरलं होतं ते नक्की सांगा," असं म्हणाले. सांगते.

२०१९ चा जुलै. दोन दिवस धो धो पाऊस, कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी. पंपाच्या खोलीत पाणी शिरायला लागलं तेव्हा मोटर जळू नये म्हणून मामा अनवाणी त्या पाण्यात उतरले आणि दोन-अडीच तास तिथेच होते. मोटर वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या सगळ्यांच्या नळाला पाणी होतं, माझ्याही. त्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं हे मला माहीत होतं. उंदीर, घुशी, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाला साधी खरचट असली तरी तिथून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोच्या रुग्णांनी भरलेले वॉर्ड मी स्वतः पाहिले होते.

आठ-नऊ दिवसांनी मामांना ताप आला. मी ड्यूटीला निघाले होते, गेटवर त्यांनी मला थांबवलं. मी कपाळाला हात लावला, नाडी बघितली. अंग दुखतंय म्हणाले, पोटऱ्या तर फार दुखतात म्हणाले. डोळे लाल होते. रात्रपाळी झाली असेल, असं मला वाटलं. क्रोसिन घ्या, पाणी भरपूर प्या, दोन दिवसांत उतरला नाही तर सांगा, असं सांगून मी रिक्षात बसले. ताप, पोटऱ्या, लाल डोळे आणि आठवड्यापूर्वीचं गुडघाभर पाणी. हीच चार वाक्यं एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यासमोर परीक्षेत म्हटली असती आणि लेप्टो म्हटलं नसतं, तर मी त्याला नापास केलं असतं. मी पाण्याचं विचारलंच नाही. श्वासही मोजला नाही. हे मी आज इथे सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बी विंगमधल्या वहिनींचा फोन आला. मामा स्टुलावर बसलेत आणि बोलताना मध्येच थांबतायत. मी खाली गेले. "ताई... जरा..." एवढं म्हणायचे आणि श्वास घ्यायला थांबायचे. मी घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात छत्तीस श्वास. निरोगी माणूस बसल्या जागी बारा ते वीस घेतो. माझ्या बॅगेत ऑक्सिमीटर होता, त्यावर चौऱ्याऐंशी. १०८ ला फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुणीतरी त्यांना आडवं झोपवत होतं. मी म्हटलं, बसू द्या, ते ज्या स्थितीत श्वास घेतायत त्यातच राहू द्या.

आता त्यांच्या छातीत काय चाललं होतं ते बघू.

फुप्फुस म्हणजे रबरी फुगा असं आपल्याला शाळेत शिकवलं. तसं ते नसतं. आत सुमारे तीस कोटी किंवा त्याहूनही जास्त बारीक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर साडेसातशे स्क्वेअर फूट, म्हणजे आपल्या ए विंगमधला टू बीएचके, कार्पेट. (हशा.) हो, कार्पेटच, सुपर बिल्ट-अप नाही. एवढी जागा प्रत्येकाच्या छातीत आहे, तिला मेंटेनन्स नाही आणि ट्रान्सफर फीही नाही. या जागेच्या भिंतीच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त. भिंत किती जाड? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही अर्ध्याहून पातळ. ती तेवढी पातळ असते म्हणूनच ऑक्सिजन पलीकडे जातो. रक्त सतत वाहत असतं. दर मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त, या भिंतीपलीकडून एकदा जाऊन येतं.

भिंत म्हटलं की आपल्या सोसायटीत पुढचा शब्द येतो लीकेज. गेल्या पंचवीस वर्षांतल्या जनरल बॉडीची मिनिट्स काढून बघा, पार्किंगखालोखाल लीकेजच आहे. पार्किंगचा विषय मी काढणार नाही. लीकेजमध्ये आपण दोन प्रकार ओळखायला शिकलो आहोत. पहिल्या प्रकारात भिंत चांगली असते, पण पाइपात प्रेशर इतकं वाढतं की जॉइंटमधून पाणी बाहेर येतं. दुसऱ्यात प्रेशर नेहमीचंच असतं, पण स्लॅबच सच्छिद्र झालेला असतो. फुप्फुसातही हेच होतं. हृदय नीट पंप करेनासं झालं की मागे दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी उतरतं. त्याला प्रेशरचं लीकेज म्हणा. त्यावर लघवी वाढवणारी औषधं आणि हृदयाचे उपाय लागू पडतात, बऱ्याचदा काही तासांत फरक दिसतो. एआरडीएसमध्ये हृदय बरोबर असतं, भिंतच फुटलेली असते. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं कोशांत झिरपतात. ते निवळ पाणी नसतं, दाट द्रव असतो. कोश आतून उघडे राहावेत म्हणून सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा थर असतो, तो या द्रवाने निकामी होतो. मग जे कोश भरलेले नसतात तेही मिटतात.

भिंत फुटते कशाने? यातलं सगळ्यात विचित्र म्हणजे बऱ्याच वेळा आपल्याच सैन्याने. कुठेतरी जंतू शिरतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांची दाहक रसायनं जंतूबरोबर आपल्या भिंतीलाही भाजून काढतात. त्यामुळे मूळ आजार फुप्फुसात असायलाच हवा असं नाही. न्यूमोनिया हे पहिलं कारण खरंच, पण पोटात आतडं फुटून झालेला सेप्सिस, स्वादुपिंडाचा दाह, मोठा अपघात, उलटी श्वासनलिकेत जाणं, बुडता बुडता वाचणं, क्वचित रक्त चढवल्यानंतरसुद्धा एआरडीएस होतो. आपल्याकडे यादीत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस यांची भर पडते. २००९ चा स्वाइन फ्लू आठवतो? त्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि शाळा बंद झाल्या. तेव्हा जी धडधाकट तरुण माणसं दोन-तीन दिवसांत व्हेंटिलेटरवर गेली, त्यांनाही हेच होतं.

म्हणजे एआरडीएस हा एक रोग नाही. वेगवेगळ्या आगींनंतर घराची होणारी एकसारखी अवस्था, असं म्हणा. हे सारखेपण ओळखायला वैद्यकाला बराच वेळ लागला. १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा रुग्णांची हकीकत लिहिली. कुणाचा अपघात, कुणाला विषाणूचा न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. कारणं वेगळी, पण सगळ्यांचे श्वास भराभर, ऑक्सिजन देऊनही निळेपणा जाईना, एक्सरे दोन्ही बाजूंनी पांढरा आणि फुप्फुसं कडक. बारापैकी सात गेले. नवजात बाळांमध्ये याच्यासारखी एक अवस्था आधीच माहीत होती, म्हणून मोठ्यांच्या आजाराच्या नावात आधी 'अ‍ॅडल्ट' शब्द होता. पुढे लक्षात आलं की मुलांनाही होतो, तेव्हा १९९४ मध्ये 'अ'चा अर्थ 'अ‍ॅक्यूट' केला. अक्षरं तीच राहिली, नाव बदललं. आपल्या सोसायटीच्या लेटरहेडसारखं.

मामांचा एक्सरे आला तेव्हा दोन्ही बाजू पांढऱ्या होत्या. मास्कने भरपूर ऑक्सिजन चालू होता, तरी आकडा अठ्ठ्याऐंशीच्या वर जाईना. हे घरच्या माणसांना कधीच पटत नाही. "अजून ऑक्सिजन लावा ना!" ते म्हणतात. पण जे कोश द्रवाने भरलेत, त्यांच्यापर्यंत हवा पोचतच नाही. त्यांच्या भिंतीपलीकडून जाणारं रक्त निळं येतं आणि निळंच परत जातं. सिलिंडर कितीही मोठा करा, त्या रक्ताला त्याचा पत्ता नाही. म्हणून आम्ही रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर काढतो. तुमचं-माझं हे गुणोत्तर चारशेच्या वर असतं. २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे, आठवड्याच्या आत सुरू झालेला त्रास, दोन्ही फुप्फुसांवर पांढरेपणा, त्याला हृदयाचा दोष पुरेसं कारण नाही आणि हे गुणोत्तर तीनशे किंवा खाली, तर एआरडीएस. दोनशेपर्यंत सौम्य, शंभरपर्यंत मध्यम, शंभर किंवा त्याखाली तीव्र. नळी घातल्यावर सत्तर टक्के ऑक्सिजन देऊन मामांच्या रक्तातला दाब आला बासष्ट. भागाकार करा. एकोणनव्वद.

पण नळी घालायच्या आधी अर्धा तास गेला, तो सांगायचा आहे. मामी गावाहून रात्रीच्या एसटीने निघाल्या होत्या, वाटेत होत्या. इथे फक्त मामांचे मेहुणे. फॉर्मवर सही करायला ते तयार नव्हते. "मॅडम, गावात सगळे सांगतात, नळी घातली की माणूस परत येत नाही. तुम्ही औषधं द्या, नळी नको." ते रागावले नव्हते, हात जोडून म्हणत होते. मी त्या वेळी खोटं बोलू शकले असते. काही होणार नाही, काळजी करू नका, असं म्हणता आलं असतं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "दादा, अशी दहा माणसं आत आली तर चार जात असतात, कधी पाच. हे खरं आहे. पण ती नळीने जात नाहीत. नळी नाही घातली तर हा माणूस रात्रीपर्यंत दमून श्वास थांबवेल. छातीचे स्नायू मिनिटाला चाळीस वेळा तीन दिवस चालू शकत नाहीत. नळी म्हणजे त्यांना आराम. भिंत भरून येईपर्यंत वेळ मिळवायचा, एवढंच आम्ही करतो. भिंत भरून आणायचं औषध माझ्याकडे नाही." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई आल्यावर मला विचारेल, तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

दहात चार हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. २०१६ मध्ये पन्नास देशांतल्या ४५९ आयसीयूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसीयूत आलेल्या दर शंभर रुग्णांमागे दहा जणांना एआरडीएस होता आणि त्यातले चाळीस टक्के रुग्णालयातच दगावले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली जी मला स्वतःला लागली. एवढ्या सगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांनीही दहातले चार रुग्ण एआरडीएसचे म्हणून ओळखलेच नव्हते. मी गेटवर एकटीच चुकले नव्हते तर. पण त्याने बरं वाटत नाही.

आता तो लिफ्टमधला प्रश्न. व्हेंटिलेटरमुळे माणूस जातो का? उत्तर सरळ 'नाही' असतं तर बरं झालं असतं. व्हेंटिलेटर फुप्फुसाला इजा करू शकतो, ही गोष्ट आमच्या पिढीने डोळ्यांदेखत शिकली. मी शिकत होते तेव्हा आम्ही मोठे मोठे श्वास द्यायचो. रक्तातले आकडे छान यायचे, आम्ही खूश. मग सीटी स्कॅनने दाखवलं की एआरडीएसच्या फुप्फुसात हवा येणारा भाग इतका थोडा उरतो की मोठ्या माणसाच्या छातीत पाच-सहा वर्षांच्या पोराचं फुप्फुस शिल्लक आहे, असं समजा. गॅटिनोनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी त्याला 'बेबी लंग' म्हटलं. त्या पोराच्या फुप्फुसात आम्ही पैलवानाचा श्वास भरत होतो. उरलासुरला चांगला भाग ताणून फाटत होता. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना जुन्या पद्धतीने किलोमागे बारा मिलिलिटरचा श्वास, निम्म्यांना सहाचा. मोठ्या श्वासवाल्यांत जवळजवळ चाळीस टक्के गेले, लहान श्वासवाल्यांत एकतीस. कुठलंही नवीन औषध नव्हतं. फक्त मशीनचा एक आकडा कमी केला.

आणि हा किलोचा हिशेब वजनकाट्यावरच्या किलोचा नाही बरं का. उंचीवरून काढलेला. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. मामांची उंची एकशे सत्तर सेंटिमीटर, त्यावरून हिशेबाचं वजन सहासष्ट किलो, म्हणून एक श्वास चारशे मिलिलिटरच्या आत. चहाचे चार कप. त्याच्या जोडीला श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब ठेवायचा, म्हणजे कोश पुरते मिटत नाहीत. फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, अर्धा फुगलेला असला की सोपं जातं, तसंच हे.

म्हणून त्या चार घरांना माझं उत्तर असं आहे. मशीन नीट वापरलं तर ते वेळ मिळवून देतं, निष्काळजीपणे वापरलं तर इजा करतं. २०२१ च्या त्या दिवसांत एकेका सिस्टरकडे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुग्ण होते, हेही खरं आहे. पण आपली माणसं ज्या अवस्थेत तिथवर पोचली होती, त्यात मशीन नसतं तर त्याच रात्री गेली असती. तुम्ही सही केलीत ती चूक नव्हती. एवढं मला सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

मामांकडे परत येते. तीव्र प्रकार होता, म्हणून त्यांना पालथं केलं. नळी, सलाइनच्या लाइन्स, कॅथेटर सगळं सांभाळून बेशुद्ध माणूस पालथा करायला पाच-सहा जण लागतात, आणि नळी निसटली तर संपलं. हे कशासाठी? माणूस पाठीवर झोपला की हृदय आणि पोट पाठीकडच्या फुप्फुसावर दाबतं, आणि फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडेच असतो. पालथं केलं की तो मोकळा होतो. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ४६६ तीव्र रुग्णांवर दाखवलं की सलग सोळा तास असं ठेवलं तर अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू तेहतीस टक्क्यांवरून सोळावर येतात. आमच्या विषयात इतका मोठा फरक क्वचितच दिसतो, आणि तोही अशा उपायाने की ज्याला खर्च माणसांच्या दंडांचा. चार दिवस मामांना रोज सोळा तास पालथं ठेवलं. तिसऱ्या दिवशी गुणोत्तर दीडशेच्या वर गेलं, तेव्हा आमच्या वॉर्डबॉयने स्वतःच्या खिशातून सगळ्यांना वडापाव आणला.

मूळ रोगाचं औषध अर्थात पहिल्या तासापासून चालू होतं. लेप्टोवर साधी, जुनी अँटिबायोटिक चालतात, ती लवकर मिळायला हवीत एवढंच. मूत्रपिंडं रुसली होती, दोन डायलिसिस झाले. मामी आल्या, मी शब्द दिल्याप्रमाणे शेजारी उभी राहिले. त्यांनी काहीच विचारलं नाही. मामांच्या पायाची बोटं चोळत बसल्या. बाराव्या दिवशी नळी निघाली.

इथे सिनेमा संपतो. आपल्या गोष्टीचा हा मध्य आहे.

घरी जाताना मामांचं वजन चौदा किलो उतरलं होतं. (सांगितलं हं मामा!) हातात कंगवा धरवत नव्हता. आयसीयूत दोन आठवडे न हललेले स्नायू वितळतात म्हटलं तरी चालेल. रात्री दचकून उठायचे. पंपाच्या खोलीत पाणी चढतंय आणि दार उघडत नाही, असं स्वप्न. आपण काही भलतंसलतं बोललो का, अशी लाज वाटायची. बेशुद्धीच्या औषधांत भास होतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कॅनडात एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी त्यांची फुप्फुसं जवळजवळ नेहमीसारखी झाली होती. पण चालण्याची ताकद त्यांच्या वयाच्या माणसाच्या तीन चतुर्थांशच होती, आणि मनाचे त्रास कितीतरी जणांना चालू होते. फुप्फुस विसरतं, बाकीचं शरीर विसरत नाही. घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे असे का बसून राहतात?" म्हणून हे माहीत हवं. आळस नसतो तो.

मामा चार महिन्यांनी परत आले तेव्हा गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढू शकत नव्हते. त्यावर कमिटीत जी चर्चा झाली ती मिनिट्समध्ये दोन ओळींत आहे, प्रत्यक्षात दोन तास चालली होती. तो माणूस एजन्सीचा, आपला नाही, असं काहींचं म्हणणं होतं. कायद्याने ते कदाचित बरोबरही असेल. मी त्या सभेत म्हटलं होतं की मोटर आपली होती. शेवटी त्यांना गेटची दिवसपाळी मिळाली आणि टाकीसाठी दुसरा मुलगा ठेवला. आजारपणाच्या खर्चाला काही सभासदांनी पैसे दिले, काहींनी दिले नाहीत. रौप्य महोत्सवात हे नको बोलायला, पण पंचवीस वर्षांत हेही झालं.

आणि २०२१ मध्ये हेच मामा गेटवरून ओरडून लोकांना सांगत होते. पॉझिटिव्ह आलेल्या, ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली जाऊ लागलेल्या लोकांनी घरी पालथं झोपावं, अशी सूचना त्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढली होती. आपले एक काका म्हणाले, मला जमत नाही, मान दुखते. मामा खालून म्हणाले, "साहेब, मला सोळा सोळा तास ठेवला होता. तुम्हाला दोन तास जड जातात?"

आता घरी काय करायचं? फार थोडं आहे. मनगटावर घड्याळ असेल तर आत्ताच शेजाऱ्याकडे बघा, पण त्यांना सांगू नका. छाती किंवा पोट एकदा वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. (इथे सभागृहात एक मिनिट शांतता, मग बराच गोंधळ.) कोण म्हणतंय अठ्ठावीस? जिना चढून आलात ना, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तापाच्या माणसाचा श्वास बसल्या जागी चोवीसच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तीस असेल, वाक्य तुटत असेल, माणूस बरळत असेल, ओठ निळसर असतील, तर ओपीडीची वाट बघू नका, १०८. ऑक्सिमीटर चांगलाच आहे, पण हात गार असला, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असली की फसवतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही आता सिद्ध झालं आहे. श्वास मोजायला बॅटरी लागत नाही. आकडा पंच्याण्णव आणि श्वास चौतीस असेल तर श्वासावर विश्वास ठेवा.

मघाशी प्रश्न आला की स्टिरॉइड घरात आणून ठेवावं का. नाही. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू एक्केचाळीस टक्क्यांवरून एकोणतीसवर आले. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही, उलट नुकसानीची शंका राहिली. आपल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा दोन घरांत पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड सुरू होतं आणि मला नंतर कळलं. साखर साडेचारशेवर गेली होती. पासष्टीच्या पुढच्यांनी, मधुमेह आणि दम्यावाल्यांनी फ्लूची आणि न्यूमोकोकलची लस आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. एआरडीएसचं पहिलं कारण न्यूमोनिया, म्हणजे तिथेच थोडं अडवलं जातं.

राहिला पाऊस. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, पायाला जखम असो वा नसो, तर चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन घ्यायची का ते विचारा. महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते. मुलं आणि गरोदर बायकांसाठी औषध वेगळं असतं, म्हणून मनाने घेऊ नका. आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मी पाण्यात उतरलो होतो. आम्ही विचारायला विसरतो.

पंपाच्या खोलीसाठी २०२० च्या जूनमध्ये संस्थेने गमबुटांचे दोन जोड घेतले आहेत, हातमोजेही आहेत. गेल्या आठवड्यात बघितलं, अजून प्लॅस्टिकमध्येच आहेत. दोन्ही जोड नऊ नंबरचे आहेत आणि टाकीवर चढणाऱ्या मुलाच्या पायाला सात लागतो. सेक्रेटरी, जूनच्या आधी एवढं बदलून आणायला हवं. पावती माझ्याकडे आहे.